डावीकडच्या चौकटीतले पाय

शलाका,

तुझ्या शोकसभेत चौघीजणी उठून बोलल्या की त्या तुझ्या सगळ्यात जवळच्या. मी मागच्या रांगेत, पाय समोरच्या खुर्चीवर टाकून बसलेले, कारण नडगीचं हाड अजून पूर्ण भरलेलं नाही, आणि मनात एकेकीला खोडत होते. ही तुझ्याबरोबर जेमतेम एक पावसाळा धावली. हिला तुझा वाढदिवससुद्धा माहीत नसेल. हिला तर तू माझ्याजवळ 'ती चिकट' म्हणायचीस. चौथी मानसी. मानसीला खोडता आलं नाही. ती रडली नाही, भाषण केलं नाही. "शलाका माझ्यासाठी हळू धावायची," एवढंच बोलली आणि खाली बसली. ते एक वाक्य मला तेव्हापासून टोचतंय. माझ्यासाठी तू कधीच हळू धावली नाहीस.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नको म्हटलं. लोकांना वाटलं, दुःखाने. दुःख होतंच. पण ज्या सभेत एक काका माईक धरून सांगतात की बायकांनी शरीराला एवढं ताणू नये, प्रतिकारशक्ती जाते, आणि समोरचे माना डोलावतात, त्या सभेत मी उठले असते तर ती शोकसभा राहिली नसती. तू डेंग्यूने गेलीस. डेंग्यू डासाने होतो. डास साचलेल्या पाण्यात होतो, आणि पाणी तुमच्या सोसायटीशेजारच्या अर्धवट सोडलेल्या बांधकामात साचलेलं होतं. यात धावणं कुठे आलं? पण माणूस गेलं की लोकांना त्याच्या आवडीतच खोट सापडते. बिल्डरपर्यंत जायला लांब पडतं ना.

शेजारी कुणीतरी कुजबुजलं, "आणि तशीही तिची स्टाइल चुकीचीच होती."

हे मात्र मी ऐकून घेतलं. ते वाक्य माझं होतं. मीच छापलेलं.

तुझ्या धावण्याबद्दल कुणी चांगलं बोललेलं मला आठवत नाही. आपली ओळखसुद्धा त्यावरूनच झाली. रविवारी सकाळी उपवनच्या काठाला आपला ग्रुप जमायचा, लेले सर शिट्टी घेऊन उभे. बँकेतून निवृत्त झाल्यावर स्वतः धावायला लागलेला आणि मग दुसऱ्या कुणाला घरी झोपू न देणारा माणूस. तू डोंबिवलीहून आलेलीस. ऑफिस माजिवड्याला म्हणून ग्रुप ठाण्याचा शोधलास. टाच आधी टेकवत, डावा हात कोंबड्या हाकलल्यासारखा मागे फेकत तू आमच्यासमोरून गेलीस आणि लेले सर ओरडले, "अगं मुली, पाय टाकतेस की शिक्का मारतेस?"

सगळे हसले. "शिक्काच सर, पोच नको का?" असं बोलून तू पुढे निघून गेलीस. पुढे म्हणजे माझ्या पुढे. ग्रुपातल्या मुलींत सगळ्यात पुढे मी असायचे. त्या सकाळपर्यंत.

धावून झाल्यावर पावलं काढायची आपली पद्धत तुला पहिल्या दिवशी भयंकर वाटलेली. एकाने फोन बाटलीला टेकवून रस्त्यावर ठेवायचा, बाकीच्यांनी एकेक करून त्याच्यासमोरून पळायचं, आणि मग ते सगळं स्लो मोशनमध्ये ग्रुपवर. दिवसभर एकमेकांच्या पायांवर चर्चा. कुणाचा घोटा आत कोसळतो, कुणाची कंबर एका बाजूला लटकते. "मुलगी बघायला येतात तेव्हा जरा चालून दाखव म्हणतात ना, तसलंय हे," तू म्हणालीस. "फक्त पोहे नाहीत." मी म्हटलं, पोहे धावून झाल्यावर. तू म्हणालीस, मग आधी खाऊ, मग नापास करा.

आणि केलंच नापास. तुझा व्हिडिओ आला की ग्रुपवर हसण्याच्या रांगा. माझा आला की टाळ्या. माझं पाऊल चवड्यावर पडायचं, टाच नुसती शिवल्यासारखी टेकून वर यायची, गुडघा सरळ पुढे. लेले सर तो व्हिडिओ नव्या मुलांना दाखवायचे, "हे बघा, असं." मला त्याचा अभिमान होता, अजून आहे. पण टाळ्या घेऊन मी घरी यायचे ती पोटरीवर बर्फ ठेवून झोपायला. आधी पोटरी, मग टाचेच्या मागची जाड नस, मग पुन्हा पोटरी. मी कळव्याच्या आमच्या गॅलरीत पाय वर करून बसलेली आणि तू येऊरच्या चढावर शिक्के मारत चाललेली. तुला काही नाही. साधा फोड नाही.

मी देव मानत नाही. तरी एकदा मनात म्हटलं होतं, जो कुणी असशील तो, हिची टाच एकदा दुखव. जन्माची नको. हिला लंगडताना बघायला मिळेल एवढी.

सगळ्यातच असं व्हायचं. माजिवड्याच्या पुलाखाली फुटपाथची पत्रकं वाटायला तू ऑफिस सुटल्यावर माझ्याबरोबर थांबलेलीस. कॉलेजपासून मी हेच करत आलेय: अडवलेले फुटपाथ, बंद पडलेले दिवे, नसलेले झेब्रा. मी मुद्दा सांगायला लागले की लोक बाजूने निघून जायचे. तू काहीच न सांगता हात पुढे करायचीस आणि लोक घ्यायचे. एकाने पत्रकाचा बोळा करून रस्त्यावर टाकला. मी भांडायला निघाले, तर तू तो बोळा उचललास, मांडीवर ठेवून सरळ केलास आणि त्याच्या मागे जाऊन म्हणालीस, "काका, तुमचं पडलं." त्याने गपचूप घडी करून खिशात ठेवला. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात एवढं चोख काही जमलं नव्हतं. घरी येईपर्यंत मी तुझ्याशी नीट बोलले नाही. थँक्यू म्हणायचं राहिलं, ते आता म्हणते. उपयोग नाही, माहितीये.

तुला वाटत असणार की टाचेचं पत्रक मी जळून काढलं. चूक. ग्रुपातले निम्मे लोक गुडघे धरून बसलेले आणि कुणी त्यांना काही सांगत नव्हतं, म्हणून काढलं. फुटपाथचं काम करते त्या संस्थेत आम्हाला शिकवलेलं की एका पानावर मुद्दा एक, शत्रू एक, मागणी एक. रस्त्यात उभ्याउभ्या पटलं पाहिजे. मी शत्रू ठरवला, टाच. वर मोठ्या अक्षरांत: टाच सोडा, गुडघा वाचवा. खाली दोन चौकटी, दोन फोटो, दोन्ही पोटरीपासून खालचे. डावीकडच्या पायांवर लाल फुली, उजवीकडच्या पायांवर हिरवी खूण.

उजवीकडचे पाय माझे होते. डावीकडचे तुझे.

विचारलं नव्हतं. एवढ्याशा फोटोत कोण ओळखणार असं वाटलेलं. तू पत्रक हातात घेतलंस आणि लगेच म्हणालीस, "हे माझे बूट."

"कशावरून?"

"एका बुटाला निळी, एका बुटाला पिवळी लेस घालणारी अजून कोण आहे इथे?"

"लोकांना नाही कळत अगं."

"मला कळलं ना. निदान मोजे धुतलेले असतील त्या दिवशीचा घ्यायचास."

एवढंच. मग अख्खा गठ्ठा उचलून सॅकमध्ये घातलास. कशाला, विचारलं तर म्हणालीस, नातेवाइकांना वाटते, मुलीचा फोटो छापून आलाय. मी भांडणाची पूर्ण तयारी करून आलेले. तू न चिडल्याचा मला जास्त राग आला.

मग माझ्या नडगीच्या हाडाला चीर गेली. फिजिओने काही महिने धावणं बंद करायला सांगितलं. तू सुरुवातीला कळव्याला यायचीस, आईच्या हातची घावनं चटणीबरोबर संपवायचीस, माझ्या पायाला "कशा आहात वहिनी?" असं विचारायचीस. मग येणं कमी झालं, मग बंद. आणि ग्रुपवर फोटो यायला लागले. तू आणि मानसी, कल्याणच्या दुर्गाडीजवळ. तू आणि मानसी, खाडीच्या कडेला. मानसी आंबिवलीची, शाळेत शिकवते, नवीनच धावायला लागलेली, आणि इतकी हळू की फिरायला निघालेले आजोबा तिला मागे टाकतात. तू मला कधी लेस बांधायला थांबू दिलं नाहीस. ती तू तिच्या वेगाने पाय ओढत होतीस. मी ते फोटो मोठे करून बघायचे. तू हसतेयस का. हसत होतीस.

आपलं शेवटचं भांडण तलावपाळीच्या कट्ट्यावर झालं. मी पुन्हा धावायला लागलेले आणि पुन्हा नडगी धरून बसलेले. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "केतके, तुझा पाय कसा पडतो याच्याशी याचा काही संबंध नाही."

"मग कशाशी आहे?"

"मी किती धावले त्याच्याशी. मी ग्रुपवर टाकते आज एवढं झालं, की दुसऱ्या दिवशी तुझं तेवढंच. आदल्या आठवड्यात पलंगावर होतीस. हाडाला काय माहीत तू कुणाशी शर्यत लावलीयेस? त्याला हळूहळूच वाढवावं लागतं."

"आणि तुझं हाड फार समजूतदार."

"माझं हाड डोंबिवलीचं आहे. त्याला खड्ड्यांची सवय आहे."

"तुला म्हणायचंय मी जळते."

"मला म्हणायचंय, निदान वॉर्मअप तरी मला हरवायला करू नकोस."

मी म्हटलं, "जा ना मग तुझ्या मानसीबरोबर. चाला दोघी हातात हात घालून."

तू काहीतरी बोलणार होतीस. तोंड उघडलेलंस. मग भेळवाल्याकडे वळलीस आणि विचारलंस, "तुझी तिखट कमी ना?" मला वाटलं, हिला बोलायला काही उरलं नाही. मी जिंकले असं समजून भेळ खाल्ली.

त्यानंतर घरी बसून मी तुझा जुना व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. खोट काढायलाच बघितला, तुला दाखवायला. आणि जे दिसलं ते तुला सांगितलं नाही. टाच तुझी आधी टेकायची हे खरं, पण ती पुढे लांब टेकायची नाही. तुझ्या अंगाच्या खालीच टेकायची, गुडघा थोडा वाकलेला, पावलं छोटी आणि भरभर. आपल्याकडचे जे गुडघे धरून बसायचे ते पाय लांब फेकून सरळ गुडघ्याने आपटायचे, ब्रेक मारल्यासारखे. म्हणजे शत्रू टाच नव्हती, पुढे फेकलेला पाय असेल. असेल म्हणते. फिजिओने मला केव्हाच सांगितलेलं की भार कुठेतरी जातोच. टाचेवर पडलात तर गुडघ्याकडे जास्त, चवड्यावर पडलात तर पोटरीकडे आणि त्या नसेकडे. ज्याची सवय आहे ते एकदम बदललं की नवी जागा ओरडते. अमुक एका पद्धतीने धावा म्हणजे लागणार नाही, असं सांगणारा खोटं सांगतो. मी ऐकलं आणि सोडून दिलं. ते एका पानात बसत नव्हतं.

तुला फोन करून हे सांगायचं होतं. पण मग तू बरोबर ठरली असतीस. म्हटलं, पुढच्या आठवड्यात सांगू, जरा राग गेल्यावर. पुढच्या आठवड्यात तुला ताप होता.

सभा झाली त्या संध्याकाळी लेले सरांचा फोन आला. "केतकी, पुढच्या रविवारी आपण शलाकासाठी धावू या. उपवनला. आणि तुझं ते पत्रक मी पुन्हा छापायला दिलंय. वर 'शलाकाच्या स्मरणार्थ' असं घातलंय. कुणाला दुखापत होऊ नये अशी तिला फार कळकळ होती."

"सर, पत्रक नको."

"का गं? उत्तम आहे. तुझंच आहे."

"सर, डावीकडच्या चौकटीतले पाय कुणाचे आहेत?"

"कुणाचे?"

"तिचे."

फोनमधून त्यांच्या घरच्या पंख्याचा आवाज येत राहिला. "फुली मारलेले?"

"फुली मारलेले."

इतकी वर्षं दर रविवारी सगळ्यांच्या पावलांवर निकाल देणारा माणूस, आणि तुझे पाय त्याला ओळखू आले नाहीत. पाऊल चूक की बरोबर एवढंच बघायची सवय. मला बोलायचा काय अधिकार, चौकट मीच आखलेली. सर शेवटी म्हणाले, "तिच्या आईंना विचारून मगच दिलंय गं छापायला. त्या हो म्हणाल्या, आनंदाने म्हणाल्या. आता त्याच नको म्हणाल्या तर थांबवतो. मला त्यांना सांगायचं धाडस नाही."

म्हणजे ते मी करायचं. तेरावं झाल्यावर, रविवारच्या आदल्या दुपारी मी डोंबिवलीला गेले. तुमच्या तीन जिन्यांवर पाय घेऊन चढताना पुन्हा तुझा राग आला. या जिन्यांवरून तू रोज दोन पायऱ्या सोडत उतरायचीस.

काकूंनी चहा ठेवला. मी सरळ सुरुवात केली, मला दुसरं येत नाही. "काकू, उद्या ते पत्रक वाटायचं नाही. तुम्ही सरांना नको म्हणून सांगा."

"का?"

"त्याच्यावर जे पाय आहेत ना…"

"शलाकाचे आहेत. पाय ओळखायला मला लेस लागत नाही, केतकी."

"आणि ती फुली?"

"फुली तू मारलीस. ती मला दाखवूनच गेलेली. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय तिने ते. मी म्हटलं, काढ गं ते मेलं, रोज उठून स्वतःवरची फुली काय बघायची? तर म्हणाली, आई, मी डावीकडे बघतच नाही, मला उजवीकडचं बघायचं असतं."

मला कळलं नाही. काकूंना वाटलं मी ऐकलं नाही, म्हणून त्यांनी आवाज मोठा केला. "तुझं गं. तुझ्यासारखं धावायला बघत होती ती. ह्या पॅसेजमध्ये चवड्यांवर पळायची, इकडून तिकडे. मी म्हटलं, या वयात भरतनाट्यम लावलंस का. तर म्हणाली, केतकी धावते तेव्हा बघत राहावंसं वाटतं, मी धावते तेव्हा लोक हसतात."

चहा उतू गेला. दोघींपैकी कुणी उठलं नाही.

"मग घेतलं दुखवून. इथे, टाचेच्या मागे. सकाळी पाय टेकायचा नाही, भिंत धरून मोरीपर्यंत जायची. मी रोज बादलीत गरम पाणी द्यायचे. म्हटलं, केतकीला विचार, तिला यातलं कळतं. तर अंगावरच आली माझ्या. केतकीला अजिबात कळता कामा नये म्हणाली. मला काही होत नाही, एवढी एकच गोष्ट माझ्याकडे आहे जी तिच्याकडे नाही."

मी आतापर्यंत जे लिहिलं त्यात काही लपवलं नाही, तर हेही लिहिते. मला पहिल्यांदा आनंद झाला. तुला लागलेलं. मागितलेलं मिळालं होतं, लंगडलीस, भिंत धरलीस. तो आनंद काकूंच्या समोर बसून झाला आणि मला तोंड फिरवावं लागलं. मग हळूहळू पुढचं कळत गेलं. तू टाच सोडलीस. माझं पत्रक वाचून एका मुलीने खरोखर टाच सोडली, आणि ती तू होतीस. तुझ्या पायांना त्यांचं धावणं येत होतं. त्यांना तू माझं करायला लावलंस. मी माझ्या हाडाला तुझ्याइतकं धावायला लावत होते तेव्हाच.

"काकू, म्हणूनच म्हणते. हे वाटू नका," मी म्हटलं.

काकू उठल्या, उतू गेलेलं पुसलं, पुन्हा आधण ठेवलं. माझ्याकडे पाठ करून बोलल्या. "तिचे सगळे फोटो तोंडाचे आहेत. लग्नातले, वाढदिवसाचे. तिने एवढं धावून धावून काय केलं, त्याचा हा एवढाच आहे छापलेला. मला फुली दिसत नाही. वाटू दे."

एरवी मी समोरच्याला तीन मिनिटांत गप्प करते. काकूंनी दुसरा चहा दिला, तो पिऊन मी उठले.

जिन्यातच बसून मानसीला फोन लावला. "तुला माहीत होतं तिच्या पायाचं?"

"हो."

"म्हणून ती हळू धावायची?"

"म्हणूनच. माझ्यासाठी नाही, पायासाठी. पण तिने शपथ घातलेली, तुला कळू द्यायचं नाही. सभेत मला तेवढंच सांगता आलं." मग म्हणाली, "एक विचारू? रागावू नकोस. तुझ्यात एवढं काय आहे?"

"म्हणजे?"

"अगं, पूर्ण वेळ तुझंच. केतकी असती तर हा चढ असा घेतला असता. केतकीने त्या नगरसेवकाला असं सुनावलं. मी इथे धापा टाकतेय आणि हिचं केतकी-केतकी. मी एकदा म्हटलं, मग तिच्याबरोबर धाव ना. तर म्हणाली, ती बरी होऊ दे, मग तिच्याचबरोबर. ती मला सोडणारच होती, माहितीये मला. मी तुझा व्हिडिओ बघितला. एवढं काही नाहीये."

तुझ्यापाठीमागे तुझ्या दोन मैत्रिणी फोनवर एकमेकींवर जळत होत्या. तू ऐकायला हवी होतीस.

आज रविवार. सकाळी उपवनला बरीच माणसं आलेली, तुझ्या ऑफिसचीही. काकूंना खुर्ची दिली. मला धावायला बंदीच आहे, म्हणून पत्रकं मी वाटली. दुसऱ्या कुणाच्या हाताने वाटली जावीत हे मला सहन झालं नसतं. जन्मात पहिल्यांदा मी पत्रक देताना प्रत्येकाला सांगत होते, "डावीकडचे पाय शलाकाचे. बाकीचं वाचू नका."

लेले सर जवळ आले. "अगं, सगळ्यांना काय सांगतेस हे?"

"सर, बरोबर काय ते मला माहीत असतं तर तेच छापलं नसतं का?"

ते गेले नाहीत. बाजूला उभे राहिले, आणि थोड्या वेळाने त्यांनीही माझ्या हातातून थोडी पत्रकं घेतली आणि पुढच्याला म्हणाले, "डावीकडचे पाय शलाकाचे."

तुझ्या ऑफिसातली एक बाई नवेकोरे बूट घालून आलेली. तिने पत्रक उलटसुलट बघितलं. "बाकीचं वाचायचं नाही, मग धावायचं कसं?"

"तुम्ही धावता तसं. एकदम वाढवू नका. आणि शेजारणीकडे बघू नका."

तिने लगेच शेजारणीकडे बघितलं.

शिट्टी झाली आणि सगळे गेले, प्रत्येक जण आपापल्या परीने वेडावाकडा. मानसी सगळ्यात मागे, आपल्या वेगाने. मी काठावर उभी राहिले, पिशवीत थोडी पत्रकं उरलेली, येणाऱ्याजाणाऱ्याला देत. लोक घेत होते. एवढ्या सहज माझ्या हातून कधी कुणी घेतली नव्हती. घेऊन जागच्या जागी थांबत, डावीकडच्या चौकटीवर बोट ठेवत, हीच का ती, विचारत. एका आजींनी तर नमस्कार केला, फुलीसकट. काकू खुर्चीतून बघत होत्या आणि त्यांचा चेहरा किती दिवसांनी मोकळा दिसत होता, तेव्हा तुझ्या आईचं बरोबर होतं आणि माझं चूक. लिहून ठेवते, पुन्हा म्हणणार नाही.

पण शलाका, उजवीकडेही पाय होते. हिरवी खूण असलेले, तू कपाटाचं दार उघडून रोज बघायचीस ते. ते कुणाचे, हे एकानेही विचारलं नाही. पिशवी रिकामी झाली तरी मी तिथेच उभी होते, कुणीतरी विचारेल म्हणून.